पाहुण्यांचे शहर : कोची

शनिवार-रविवारच्या सहली आता शहरी कुटुंबांच्या जीवनक्रमाचा भाग झाल्या आहेत. शुक्रवारी रात्री सामान भरावे, दोन दिवसांत आठ-दहा स्थळे उरकावीत, शे-दोनशे छायाचित्रे काढावीत आणि सोमवारी पुन्हा दुकान, कचेरी, शाळा. अशा सहलीत डोळ्यांना पुष्कळ मिळते. मनाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न मात्र घरी परतल्यावर क्वचितच कोणी विचारतो.

केरळातील कोची हे शहर हा प्रश्न प्रवाशाला आपणहून विचारते. अरबी समुद्राची राणी म्हणून त्याची ख्याती आहे. समुद्र, खाडी, बेटे, नारळीच्या रांगा, जुने वाडे आणि मसाल्याच्या वखारी एवढे वैभव तेथे थोड्याशा जागेत एकवटले आहे. दोन दिवसांत ते सुखाने पाहून होते. परंतु या शहराचे एक वैशिष्ट्य प्रवासी-पुस्तिकांत ठळकपणे आढळत नाही. तेथे प्रेक्षणीय म्हणून जे दाखवले जाते, त्यातील बहुतेक सारे बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी उभे केले आहे, आणि ज्यांनी ते उभारले त्यांपैकी बहुतेक आज तेथे नाहीत. तरीही देवघरांतील दिवे लागतात, दारे वेळेवर उघडतात, अंगणे झाडली जातात. ही कामे कोण करते, का करते, हे पाहणे कोचीच्या कोणत्याही सूर्यास्ताइतकेच मोलाचे आहे.

पुराने दिलेले बंदर

कोचीचा उदय एका आपत्तीतून झाला असे मानले जाते. या शहराच्या उत्तरेस, कोडुंगल्लूरच्या परिसरात, मुझिरिस नावाचे प्राचीन बंदर होते. मिऱ्यांच्या ओढीने रोमन साम्राज्यातील व्यापारी तेथवर येत. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, जुन्या बंदराचे मुख गाळाने भरले आणि दक्षिणेस कोचीपाशी खाडीला समुद्राची नवी वाट मिळाली. व्यापार हळूहळू तिकडे सरकला. एका गावाचे दैव गाळात रुतले आणि दुसऱ्याचे त्याच पाण्याने उघडले.

मग पाहुणे येत राहिले. अरब आले, चिनी आले, ज्यू आले. १५०० साली पोर्तुगीज जहाजे बंदरात शिरली, १६६३ साली डचांनी पोर्तुगिजांना हटवले, १७९५ साली इंग्रजांनी डचांची जागा घेतली. सत्ताधीशांच्या मागेपुढे साधी माणसेही आली. पोर्तुगीज अमलाच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली कोकणी भाषक सारस्वत कुटुंबे येथे स्थिरावली. कच्छ-काठेवाडातील वणिक मिरी, सुंठ आणि खोबऱ्याच्या व्यापारासाठी आले. तमिळ परीट आले. त्यांचा धोबीघाट आजही फोर्ट कोचीत चालू आहे. कोचीच्या राजांनी यांतील अनेकांना जागा दिली, देवालये बांधू दिली, आपापल्या रीतीने जगू दिले. बंदराला माणसांची गरज होती हे खरेच. पण गरज अनेक राजांना असते, दार उघडण्याचे औदार्य सर्वांपाशी नसते.

महाराष्ट्रातून कोकण रेल्वेने कोचीला जाण्यास बराच वेळ लागतो. म्हणून दोन दिवसांच्या सहलीसाठी विमानच सोयीचे. मुंबईहून साधारण दोन तासांत नेडुंबासेरीचा विमानतळ येतो. ऑगस्ट २०१५ पासून हा विमानतळ आपली विजेची गरज सूर्यप्रकाशातून भागवू लागला. विमानतळापासून जुने शहर सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. शेवटचा टप्पा शक्यतो पाण्यावरूनच करावा. एर्नाकुलमच्या धक्क्यावरून सरकारी बोटी पूर्वापार चालतात, आणि एप्रिल २०२३ पासून विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बोटींची ‘वॉटर मेट्रो’ही सुरू झाली आहे.

बोट खाडीत शिरली की विलिंग्डन बेट दिसते. हे बेट निसर्गाने घडवलेले नाही. रॉबर्ट ब्रिस्टो हा अभियंता १९२० साली येथे आला, तेव्हा बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध होता आणि मोठी जहाजे बाहेरच नांगर टाकत. तो बांध फोडून खोल वाट काढण्यात आली आणि १९२८ साली मोठे जहाज प्रथमच आत आले. उपसलेल्या गाळाची भर घालून हे बेट तयार झाले. ज्या गाळाने मुझिरिस बुडवले, त्याच गाळाचा माणसाने उपयोग करून घेतला. मुलांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

शनिवार : फोर्ट कोची

पहिला दिवस फोर्ट कोचीला द्यावा. मोठमोठ्या पर्जन्यवृक्षांच्या सावलीतले रस्ते, लाल कौलांची घरे आणि समुद्राचा वारा यांमुळे येथे पायी हिंडणेच सुखाचे होते. येथील सेंट फ्रान्सिस चर्च प्रथम १५०३ साली लाकडाचे बांधले गेले आणि १५१६ साली दगडी झाले. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोचीतच मरण पावला आणि या चर्चमध्ये त्याला पुरले. काही वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. आता तेथे फक्त शिळा आहे. अर्धे जग पालथे घातलेल्या दर्यावर्दी माणसाची रिकामी जागा दाखवून वाटाडे पुढे सरकतात. पण थोडे थांबून त्या शिळेकडे पाहिले, तर पराक्रमाचे आणि देहाचे दोघांचेही आयुष्य किती, याचा हिशेब तेथेच मांडलेला दिसतो.

या वास्तूची कथा गामापेक्षा लांब आहे. कॅथलिक पोर्तुगीज गेल्यावर प्रॉटेस्टंट डच आले, त्यांच्यामागून अँग्लिकन इंग्रज आले. आज ते दक्षिण भारतीय चर्चच्या ताब्यात आहे आणि पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेले आहे. उपासनेची रीत बदलली, भाषा बदलली, ध्वज बदलले. छप्पर मात्र प्रत्येकाने शाकारले. आत वर पाहिले की लांबलचक कापडी पंखे दिसतात. विजेआधीच्या काळात बाहेर बसलेली माणसे दोरी ओढून ते हलवीत. आतल्यांना वारा मिळे, बाहेरच्यांच्या कपाळावर घाम असे. इतिहासात नावे आतल्यांची राहिली.

जाळी आणि जीवदया

कोचीचे चित्र म्हणून जगभर जे दाखवले जाते, ती किनाऱ्यावरची चिनी जाळी. जैन कुटुंबाचे पाऊल येथे किंचित अडखळते. सोबत लहान मुले असतील तर प्रश्न अटळ असतो, आणि तो टाळून ‘चला, पुढे चला’ म्हणण्यात फारसे शहाणपण नाही.

या जाळ्यांची रचना प्रथम समजून घ्यावी. बांबू आणि सागाच्या लांब वाशांची चौकट काठावर रोवलेली असते. तिच्या एका टोकास पाण्यावर झुकलेले विशाल जाळे आणि दुसऱ्या टोकास दोरांना टांगलेले मोठाले धोंडे. जाळ्याचे आणि धोंड्यांचे वजन असे तोललेले असते की, मुख्य वाशावरून एक माणूस पाण्याच्या दिशेने चालत गेला तरी जाळे पाण्यात उतरते. वर ओढण्यास मात्र चार ते सहा जणांचे बळ लागते. चिनी व्यापाऱ्यांनी हे तंत्र शतकांपूर्वी आणले अशी परंपरा सांगते. तराजूच्या तत्त्वावर चालणारे एवढे मोठे यंत्र एकही खिळा न हलवता दिवसभर वरखाली होताना पाहणे, हा शाळकरी मुलासाठी पदार्थविज्ञानाचा उत्तम धडा आहे.

पण तराजूच्या त्या पारड्यात जे येते, ते तडफडत येते, हेही मुलाला दिसते. काही कोळी प्रवाशांना दोर ओढण्यास हौसेने बोलावतात. तेथे नम्रपणे नकार द्यावा. दूरच्या कट्ट्यावरून, सूर्य कलल्यावर, त्या चौकटींच्या आकृती आभाळावर उमटलेल्या पाहाव्यात. नकारात तुच्छता मात्र नसावी. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला, विमानतळही पाण्याखाली गेला, तेव्हा किनाऱ्यावरील कोळ्यांनी आपल्या होड्या ट्रकांवर चढवून पूरग्रस्त गावांत नेल्या आणि हजारो माणसांना छपरांवरून उतरवून वाचवले. बोलावण्याची वाट त्यांतल्या कित्येकांनी पाहिली नाही. ज्या हातांचा व्यवसाय जैन मनाला मान्य होत नाही, त्याच हातांनी एवढी जीवरक्षा केली. अहिंसेचा विचार माणसाला इतरांहून उंच बसवण्यासाठी नाही. समोरच्याचे दुःख आणि समोरच्याचे चांगुलपण दोन्ही दिसावे, यासाठी आहे. मुलाच्या प्रश्नाला हे दोन्ही सांगणारे उत्तर द्यावे. ते एका वाक्यात बसत नाही, हीच त्या उत्तराची खूण आहे.

संध्याकाळी किनाऱ्यावर सूर्यास्त पाहण्यास मोठी गर्दी लोटते. ज्यांना रात्रिभोजनाचा त्याग आहे, त्यांनी बेत थोडा उलटा आखावा. वर्षभर येथे सूर्य सहा ते सातच्या दरम्यान मावळतो. म्हणून पाचच्या सुमारास जेवण आटोपून मग किनारा गाठावा. केरळी शाकाहारी जेवण नारळाने समृद्ध असले तरी सांबारात कांदा आणि भाज्यांत कंद सर्रास असतात. त्यामुळे ‘शाकाहारी’ एवढेच सांगून भागत नाही, कांदा, लसूण आणि कंदमूळ नको असे स्पष्ट सांगावे. दुकानांत केळ्याचे वेफर आणि कप्पा म्हणजे टॅपिओकाचे वेफर शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि घाईत ते सारखेच दिसतात. कप्पा हे कंदमूळ आहे. एवढी सावधगिरी घेतली की पोट आणि नियम दोन्ही सांभाळून शांतपणे समुद्रापाशी बसता येते.

रविवार : मट्टांचेरी

दुसऱ्या दिवशी मट्टांचेरीला जावे. फोर्ट कोचीहून रिक्षाने हे अंतर काही मिनिटांचे आहे. येथील राजवाडा पोर्तुगिजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला. पुढे डचांनी त्याची डागडुजी केली आणि लोकांनी त्याला ‘डच पॅलेस’ हे नाव दिले. बाहेरून साध्या दिसणाऱ्या या वाड्याच्या भिंतींवर रामायणातील प्रसंगांची भित्तिचित्रे आहेत. गर्द तांबड्या-पिवळ्या-हिरव्या रंगांनी भरलेल्या त्या भिंतींवर बोटभर जागा रिकामी नाही.

राजवाड्यालगतच ज्यू वसाहतीची गल्ली आणि तिच्या टोकाशी १५६८ साली बांधलेले परदेसी सिनेगॉग आहे. राजाने आपल्या वाड्याशेजारची जागा ज्यूंना प्रार्थनामंदिरासाठी दिली. आतील जमिनीवर चीनमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. अठराव्या शतकात एझेकिएल राहबी या ज्यू व्यापाऱ्याने त्या बसवल्या. बाहेरचा घड्याळाचा मनोराही त्याच शतकातला. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतिदिन असल्याने सिनेगॉग त्या दिवशी प्रवाशांसाठी बंद असते. राजवाडा शुक्रवारी बंद असतो. म्हणूनच मट्टांचेरी रविवारी ठेवणे योग्य, आणि वेळा आदल्या दिवशी विचारून घेणे त्याहून योग्य.

आत गेल्यावर पादत्राणे काढून, आवाज खाली ठेवून, क्षणभर बाकावर बसावे. ज्यू धर्माच्या नियमानुसार सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. इस्रायलची स्थापना १९४८ साली झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत कोचीचे बहुतेक ज्यू तिकडे गेले. कोणी त्यांना हाकलले नव्हते. भारतात त्यांचा छळ झाला नाही, हे ते स्वतः अभिमानाने सांगत. ते एका जुन्या स्वप्नाच्या हाकेला ओ देऊन गेले. मागे काही वृद्ध राहिले, आणि ते दहाही गेली अनेक वर्षे स्थानिकांतून जमत नाहीत. गल्लीत आज गजबज आहे, ती पुरातन वस्तूंची, मसाल्यांची आणि शालींची. दारांवर ज्यू नावे आहेत, दारांत ज्यू माणसे नाहीत. या गल्लीत एक वृद्ध ज्यू आजी भरतकामाचे दुकान चालवीत असत. त्यांच्या उतारवयात दुकानाची आणि त्यांची देखभाल एका मुस्लिम कुटुंबाने घरच्या माणसासारखी केली.

सर्वच वास्तूंच्या नशिबी असे शेजारी येत नाहीत. याच मट्टांचेरीत कडवुंभागम नावाचे दुसरे सिनेगॉग होते, परदेसी सिनेगॉगहूनही जुने. त्याचे भक्त स्थलांतरित झाले, इमारत वखार म्हणून वापरली गेली, आतील कोरीव लाकूडकाम इस्रायलच्या संग्रहालयात गेले, आणि उरलेल्या वास्तूचा दर्शनी भाग २०१९ च्या पावसाळ्यात कोसळला. एकाच गावातली, एकाच धर्माची दोन मंदिरे. एक उभे आहे, एक पडले. दगड-चुना दोहोंचाही जुनाच होता; फरक पडला तो सांभाळणाऱ्या हातांचा.

मट्टांचेरीतच चेरलाई भागात कोकणी सारस्वतांचे तिरुमल देवस्थान आहे. या लोकांनी कोचीला काय दिले, याची एक साक्ष मराठी वाचकांना विशेष जिव्हाळ्याची वाटावी. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडे याने मलबारातील वनस्पतींवरचा ‘होर्टुस मलबारिकुस’ हा १२ खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती आहे. ती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते आणि त्यांच्या बरोबरीने रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांनी दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात देवनागरी लिपीत छापलेले आहे. आसरा मागत आलेल्या घरांतील माणसांनी आपली विद्या त्या भूमीच्या पदरात घातली. पाहुणचाराची फेड याहून चांगली कोणती?

गुजराती रस्त्यावरचे देरासर

राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर गुजराती रस्ता आहे. नाव वाचताच महाराष्ट्रातून गेलेल्या जैन कुटुंबाची पावले आपोआप वेगाने पडू लागतात. रस्त्याच्या दोहो बाजूंस जुन्या वखारी, पेढ्या, मिठाईची दुकाने. दुपारच्या जेवणासाठी ओळखीच्या चवीची फुलका-डाळ येथे मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले पंधरावे तीर्थंकर श्री धर्मनाथ भगवंतांचे शुभ्र देरासर याच रस्त्यावर आहे. घरापासून हजार मैलांवर, जेथे भाषा कळत नव्हती, अन्न मानवत नव्हते आणि पावसाळा सोसवत नव्हता, तेथे व्यापाऱ्यांनी गाठीशी चार पैसे जमताच पहिले काम हे केले.

दुपारच्या सुमारास देरासराच्या आवारात कबुतरांना दाणे टाकले जातात. शेकडो पाखरे एकाच वेळी उतरतात आणि अंगण राखाडी होऊन जाते. हे दृश्य पाहण्यास परदेशी प्रवासीही थांबतात. सकाळी समुद्रकाठी ज्या मुलाने जाळे पाहिले असेल, त्याला दुपारी हे अंगण अवश्य दाखवावे. दोन्ही दृश्ये एकाच शहराची आहेत, एकाच खाडीच्या काठची आहेत, आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांचे शेजारी म्हणून पिढ्यान् पिढ्या नांदली आहेत.

एके काळी या भागात मिऱ्याचे सौदे मोठमोठ्याने पुकारून होत. दलालांच्या गलक्यावरून जगातल्या मिऱ्याचा भाव ठरे. पुढे सौदे संगणकावर गेले आणि तो पुकारा थांबला. व्यापाराची रीत बदलली, जहाजांची वाट बदलली, मुलांचे शिक्षण बदलले. कोचीतील गुजराती आणि जैन घरांतील तरुण मुंबईला, बंगळूरला, परदेशांत जाऊ लागले. कित्येक वखारी ओस पडल्या; काहींत आता २०१२ पासून दर काही वर्षांनी भरणाऱ्या कला-महोत्सवाची चित्रे मांडली जातात. देरासरात घंटा वाजते, पूजा होते. पूर्वी ज्या घरांतून पूजेला माणसे येत, त्यांतली काही घरे मात्र आता कुलूपबंद आहेत.

सिनेगॉगच्या बाकावर बसून जो विचार दुसऱ्या समाजाविषयी मनात आला होता, तो येथे स्वतःच्या उंबऱ्यापाशी येऊन उभा राहतो.

कल्लिलची टेकडी

परतीचे विमान रविवारी रात्रीचे असेल, तर पेरुंबावूरजवळच्या कल्लिल येथे जाण्यास वेळ काढावा. दर्शनाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. झाडीतून शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर एक अजस्र शिळा दिसते; तिच्या पोटात कोरलेले देवालय आहे. आज ते भगवतीचे मंदिर म्हणून प्रसिद्ध आहे. आसपासच्या गावांतील स्त्रिया दिवा लावतात, नवस बोलतात. खडकावर कोरलेल्या मूर्ती श्री पार्श्वनाथांची, श्री महावीरांची आणि पद्मावतीची आहे, असे अभ्यासक सांगतात. पद्मावतीच येथे भगवती म्हणून पूजिली जाते.

कित्येक शतकांपूर्वी या रानात जैन साधकांची वसती असली पाहिजे. ती माणसे कधी आणि कशी विरळ होत गेली, याची गोष्ट सांगण्यास आज तेथे कोणी नाही. मूर्ती मात्र फुटली नाही, फेकली गेली नाही. भोवतालच्या लोकांनी तिला आपल्या भाषेत नाव दिले आणि आपल्या रीतीने तिच्यापुढे तेल घातले. एखाद्याला याची खंत वाटेल की स्वतःचे होते ते दुसऱ्याचे झाले. ती खंत खोटी नाही. पण कडवुंभागमची पडलेली भिंत आठवली, तर त्या तेवत्या दिव्याबद्दल कृतज्ञताही वाटेल. दोन्ही भावना घेऊन पायऱ्या उतराव्यात. एकीने दुसरीला खोडण्याची गरज नाही.

सोबत काय आणावे?

गृहस्थाच्या बारा व्रतांत अतिथिसंविभागाला स्थान आहे: आपल्या ताटातील वाटा योग्य अतिथीस देणे. या व्रताचा विचार बहुधा यजमानाच्या बाजूने होतो. कोचीत तो पाहुण्याच्या बाजूनेही करावासा वाटतो. पाहुणा म्हणून जो येतो, त्याने कसे वागावे, म्हणजे त्याच्यामागे त्याचा दिवा विझणार नाही? कोकणी वैद्यांनी विद्या दिली. ज्यू व्यापाऱ्यांनी गावाला घड्याळ दिले. वणिकांनी पाखरांना दाणे टाकले, शाळा काढल्या. ज्यांनी शेजाऱ्याशी नाते जोडले, त्यांच्या पश्चात शेजाऱ्याने दार झाडले.

महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडू, बंगाल, आसाम अशा अनेक प्रांतांतील लहान-मोठ्या बाजारगावांत जैन व्यापाऱ्यांनी बांधलेली मंदिरे, स्थानके, धर्मशाळा आहेत. नवी पिढी मोठ्या शहरांत गेली आहे. गावी दोन-चार वृद्ध दांपत्ये आणि एक पुजारी उरला आहे. जीर्णोद्धारासाठी संगमरवर मिळतो, निधीही मिळतो. रोज सकाळी दार उघडणारा माणूस मात्र पैशाने उभा राहत नाही. तो विश्वासाने उभा राहतो, आणि विश्वास जमण्यास पिढ्या लागतात. ज्या गावात मंदिराचे पाणी शेजाऱ्यांना मिळते, धर्मशाळेची खोली गरजूला मिळते, पुजाऱ्याच्या मुलांच्या शिक्षणाची विचारपूस होते, त्या गावातील देवालयाला कुलूप लागण्याची भीती कमी.

म्हणून कोचीला जाणाऱ्या कुटुंबाने एवढे अवश्य करावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे, तेव्हा हवा सुखद असते. स्थळांची यादी निम्मी करावी. प्रत्येक वास्तूत निदान दहा मिनिटे काही न करता बसावे. देरासरात दर्शन झाल्यावर भंडारात यथाशक्ति द्रव्य घालावे आणि पुजाऱ्यांशी, व्यवस्थापकांशी दोन शब्द बोलावे; किती घरे उरली, कोण येते, कोण सांभाळते, हे विचारावे. सिनेगॉगच्या दारातला तिकीटवाला, चर्चमधला झाडूवाला, बोटीवरचा खलाशी यांची मुलांशी ओळख करून द्यावी.

आणि घरी परतल्यावर, छायाचित्रे पाहून झाली की, आणखी एक काम उरते. ज्या मूळ गावातून आजोबा-पणजोबा निघाले, तेथील मंदिराचे दार आज कोण उघडते, याची चौकशी करावी. नाव कळले तर त्या माणसाला दूरध्वनी करावा. पुढच्या शनिवार-रविवारची सहल कोठे न्यावी, हे मग वेगळे ठरवावे लागणार नाही.